गाठीचा धनी

डॉ. मुजावरांनी माझ्या उजव्या खांद्यावर, मानेच्या बुडाशी अंगठा दाबला आणि कळ उठली ती थेट कानशिलात. खांद्याला काही झालं नाही. उजवं कानशील आणि डोळ्याची मागची बाजू, माझी रोजची ठणकायची जागा, तेवढीच पेटली. सगळं आयुष्य मी डोक्याला बाम चोळत बसले होते आणि चोर बसला होता खांद्यावर.

"सापडली," डॉक्टर म्हणाल्या. "दहा मिनिटं द्या, सोडवून टाकते. पुन्हा त्रास नाही."

"हात लावू नका तिला," मी म्हणाले.

मिरजेत दूरदूरून माणसं येतात ती दुखणं घालवायला. दुखणं राखायला आलेली मी पहिलीच असावी, कारण डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. ही गाठ कुणी घातली ते तुमचं यंत्र सांगेल का, असं मी विचारलं. त्यांनी अंगठा उचलला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. सांगेल, पण असं विचारणारे लवकर बरे होत नाहीत, असं म्हणाल्या. मला बरं व्हायची घाई नाही, असं मी सांगितलं.

ताणाने डोकं दुखतं तेव्हा डोक्यात बहुधा काहीच बिघडलेलं नसतं, हे आता शाळेतली पोरंही शिकतात. मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूत एखादा दोरा ताठतो आणि त्या दोऱ्यात वाटाण्याएवढी गाठ धरते. तिथे मज्जातंतूचं टोक गरज नसताना आपलं रसायन पाझरत राहतं, म्हणून तेवढे तंतू आखडलेलेच राहतात. आखडून ते स्वतःचाच रक्तपुरवठा दाबून टाकतात. रक्त नाही म्हणून प्राणवायू नाही, आणि साचलेली आम्लं आसपासच्या नसांना टोचत बसतात. मानेकडून येणारी आणि चेहऱ्याकडून येणारी वेदना मेंदूच्या बुडाशी एकाच ठाण्यातून पुढे जाते, त्यामुळे मेंदू पत्ता चुकतो. दुखतो खांदा, आणि माणूस कपाळ धरून बसतो.

गाठीत बारीक सुई घातली तर तिथे विजेची अखंड तडतड ऐकू येते आणि बोटभर बाजूला तोच स्नायू गाढ झोपलेला असतो, हेही जुनंच ज्ञान. माणसाला मनातल्या मनात अवघड गणितं करायला लावली की गाठीतली तडतड वाढते, शेजारचा स्नायू मात्र हलत नाही. म्हणजे गाठ मनाचं ऐकते. नवी होती ती पट्टी. केसाहून बारीक तारांची, कातडीला दिवसरात्र चिकटून राहणारी. त्या पट्टीने दाखवून दिलं की जुन्या गाठीला एखादी ठरावीक गोष्ट पाठ झालेली असते. एखाद्याचा आवाज, पावलं, खोकला. ज्याच्या समोर तो स्नायू वर्षानुवर्षं आखडत आला, त्याची चाहूल लागताच गाठ उसळते, आणि ती माणसाला कळायच्या आधी उसळते. शास्त्रज्ञांनी याला लांबलचक नाव दिलं होतं. लोकांनी सोपं केलं आणि त्या माणसाला गाठीचा धनी म्हणायला लागले.

मग कायदा आला. मारहाणीला वळ असतो, जखमेला टाके असतात, पण जन्मभर टोचून खाणाऱ्या माणसाविरुद्ध काय दाखवणार? आता दाखवता येत होतं. वेदना मंडळासमोर गाठ सिद्ध झाली की तिच्या धन्याचं नाव जाहीर व्हायचं. त्याला शिकवणं बंद, व्यासपीठ बंद, माणसांवर अधिकार चालवायचं कुठलंही काम बंद. अट एकच होती. सुनावणीपर्यंत गाठ जिवंत पाहिजे. गाठ सुटली की पुरावा संपला.

माझ्या गाठीचा धनी कोण, हे मला यंत्राने सांगायची गरज नव्हती. पण जगाला सांगायची होती.

मृणालिनी आपटीकर. सगळे त्यांना माई म्हणतात, मीही म्हणते, जीभ वळते त्याला काय करणार. शाळा संपली तशी मी त्यांच्याकडे गाणं शिकायला गेले आणि तरुणपण सरेपर्यंत त्यांच्या मागे तंबोरा धरून बसले. तंबोरा मांडीवर उभा, दांडी उजव्या खांद्याला, मान दांडीकडे कललेली, कारण जवारी, तारेचा तो घुमारा, कानानेच सांभाळायची असते. तासन् तास असं बसायचं. खोकायचं नाही, पाय बदलायचा नाही, तोंड उघडायचं ते माईंनी खूण केली तरच. त्यात माझी तक्रार नाही. सगळेच असे शिकतात.

तक्रार आहे ती त्यांच्या हाताची. ख्याल रंगात आला, सभागृह तल्लीन झालं, की माई गाता गाता मागे वळायच्या, माझ्या तंबोऱ्याची खुंटी किंचित पिळायच्या आणि श्रोत्यांकडे बघून कसनुसं हसायच्या. काय करणार, सांभाळून घेतेय, अशा अर्थाचं. माझा तंबोरा लागलेला असायचा. चोख लागलेला असायचा. त्या पिळायच्या आणि लगेच कुणाच्या नकळत परत जागेवर आणायच्या. सभागृहाला एवढंच दिसायचं की मागे बसलेल्या पोरीला तंबोरासुद्धा धड लावता येत नाही. हे एकदा नाही, प्रत्येक मैफलीत. आणि याची तक्रार करायची कुणाकडे? ऐकणारा म्हणणार, गुरूने तार लावली, मग काय झालं?

शेवटी सांगलीच्या एका संगीत मंडळाने मला स्वतंत्र गायला बोलावलं. रीत म्हणून त्यांनी माईंना विचारलं. माई म्हणाल्या, "तिचा कान चांगला आहे, गळा नाही." एवढं एकच वाक्य. मंडळाने बोलावणं मागे घेतलं आणि ते वाक्य सांगली-मिरजेत असं फिरलं की पुन्हा कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून मी गायले नाही. डोकं मात्र रोज दुखलं.

आता माईंच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त राज्याचा मोठा सन्मान ठरला होता. त्यांच्या नावाचं गुरुकुल निघणार होतं. मी तक्रार दाखल केली.

पहिल्या चाचणीत डॉ. मुजावरांनी पट्टी लावून मला वेगवेगळे आवाज ऐकवले. रस्त्यावरची माणसं, बातम्या वाचणारी बाई, माझा नवरा सुहास. पडद्यावरची रेघ सरळ. मग माईंच्या एका मुलाखतीतला नुसता "हं" ऐकवला. रेघ ताडकन उठली आणि मागोमाग माझ्या कानशिलात कळ आली. इतकी वर्षं दुखलं, पण त्या दिवशी दुखण्याचा आनंद झाला. खोटं कशाला सांगू.

मग मी गाठ जपू लागले. लहान मूल निजलं असावं तसा तो खांदा सांभाळला. उजव्या कुशीवर झोपणं सोडलं, गरम पाण्याची धार तिथे पडू देत नव्हते, गर्दीत कुणाचा धक्का लागेल म्हणून देवळात जाणं बंद केलं. सुहास रोज रात्री मान चोळून द्यायचा, त्याला सांगितलं की आता हात लावायचा नाही. त्याने पहिल्यांदा समजावलं, मग चिडला, मग नाद सोडला. माईंचे वकील तारखा मागून घेत होते. कधी माईंची तब्येत, कधी परदेशातली मैफल. त्यांना वाटत होतं की माणूस कंटाळेल, डोकं असह्य होईल आणि मी स्वतःच गाठ सोडवून घेईन. त्यांनी माझा राग मोजला नव्हता. प्रत्येक नव्या तारखेला मी जास्त खूष व्हायचे, कारण सन्मानाचा दिवस जवळ येत होता आणि सन्मानाच्या तोंडावर नाव जाहीर होण्यातली मजा काही औरच होती.

अखेर तुळशीच्या लग्नानंतरची तारीख पक्की झाली. आता पुढची तारीख मिळायची नाही, असं वेदना मंडळाने माईंच्या वकिलांना बजावलं.

दिवाळीला ऋजुता आली. माझी एकुलती एक मुलगी, कोल्हापूरला प्राथमिक शाळेत शिकवते. पोरांमध्ये राहून तिचा आवाज गोड आणि हुकमी झालाय. आल्या आल्या तिने माझ्याकडे बघितलं आणि बापाला बाजूला घेऊन गेली. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण अंदाज होता.

नरकचतुर्दशीला पहाटे तिने पाट मांडला, तेल कोमट केलं, उटणं कालवलं. दरवर्षी मी तिला तेल लावते. यंदा मी लावते, म्हणाली. मी नको म्हटलं तर म्हणते, आज तेल न लावता राहतेस की काय, नरकात जायचंय? आमच्या घरात देवधर्म बेताचा, पण त्या एका दिवशी अंगाला तेल लावून घ्यायला कुणी नाही म्हणत नाही. माझ्या आईने मला लावलं, मी हिला लावलं. केसांना लाव, खांद्याला हात लावायचा नाही, असं बजावून मी पाटावर बसले.

तिने टाळूवर तेल घातलं. बोटं केसांतून फिरली. लहानपणी माझ्या मांडीवर बसून भोकाड पसरणारी ही पोर, हिच्या बोटांना एवढी समज कुठून आली, असं मनात आलं आणि माझे डोळे मिटले. अंगठा मानेवरून खाली सरकला ते कळलं, पण थांब म्हणायला जीभ उचलली नाही. अंगठा नेमका गाठीवर येऊन थांबला. दाबला. धरून ठेवला. कानशिलात कळ आली, वाढली, आणि मग विरघळायला लागली. सुटली.

डोळे उघडले तर स्वयंपाकघरातल्या दिव्याचा उजेड किती निवांत होता. उजव्या डोळ्यामागे काहीच नव्हतं. तरुणपणानंतर पहिल्यांदा काहीच नव्हतं. मी रडले, सुखाने रडले, तिनेही मला मागून घट्ट धरलं.

मग मला तारीख आठवली.

तुला ती जागा कुणी दाखवली, मी विचारलं. तिने लपवलं नाही. डॉ. मुजावरांना फोन करून विचारलं होतं, मान दुखणाऱ्या माणसाला कुठे दाबायचं असतं. कुणासाठी ते सांगितलं नव्हतं.

"मुद्दाम केलंस?"

"हो, मुद्दाम केलं. मी घरी आले की तू माझ्याशी बोलतच नाहीस, आई. त्या गाठीशी बोलतेस."

"तू माझी मुलगी नाहीस," मी म्हणाले. "तू माईंची शिष्या आहेस."

ती तेलाचे हात तसेच घेऊन उभी राहिली. मला तिची दया आली नाही. माझ्या अख्ख्या आयुष्याचा पुरावा तिने अंगठ्याखाली चिरडला होता, तेही प्रेमाने. माईंनी निदान प्रेमाचा आव आणला नव्हता.

माझ्या वकिलांनी नियम काढला. सुटलेली गाठ त्याच जागी पुन्हा धरली आणि तिचा धनी तोच निघाला तर तक्रार टिकते. त्यांना ते अशक्य वाटत होतं. मला नाही. गाठ कशी धरते हे माझ्या अंगाला पाठ होतं.

मी तंबोऱ्याची गवसणी काढली. उजव्या मांडीवर उभा केला, मान कलवली आणि बसले. सकाळी बसायची ती दुपारच्या जेवणालाच उठायची, जेवून पुन्हा बसायची. डोक्यावर पंखा जोरात, खांदा उघडा. माईंचं जुनं ध्वनिमुद्रण लावून ठेवायचे आणि त्या कुठे वळल्या असतील, कुठे खुंटीला हात घातला असेल, ते आठवत राहायचे. राग आणायला लागत नव्हता, पण खरं सांगायचं तर तो सगळा माईंकडे जात नव्हता. कारण ऋजुता परत गेली नव्हती. आईची तब्येत बरी नाही म्हणून तिने शाळेतून रजा वाढवून घेतली होती आणि थोड्या थोड्या वेळाने खोलीच्या दारात येऊन उभी राहत होती. "आई, पुरे." "आई, पाणी देऊ का?" "आई, उठ आता." तिचा आवाज आला की माझे दात आवळले जायचे आणि खांदा कानाकडे चढायचा. मी उत्तर देत नव्हते. मान आणखी कलवून छेडत राहायचे.

आठवड्याभरात दुखणं परत आलं. तेच कानशील, तीच कळ. सुनावणीच्या आदल्या दिवशी डॉ. मुजावरांनी तपासलं आणि गाठ जागेवर आहे, जिवंत आहे, असं लिहून दिलं. लिहिताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. गाठ कुणाचं नाव घेईल ते मी सांगू शकत नाही, ते उद्याच कळेल, एवढंच बोलल्या. मला त्यात शंका वाटली नाही.

सांगलीला वेदना मंडळाच्या दालनात माई माझ्या समोर बसल्या. इरकली साडी, पांढरा शुभ्र अंबाडा, चेहऱ्यावर तेज. ऐंशीची बाई ताठ बसली होती आणि मी पन्नाशीतली मान वाकडी करून. पीठासीन अधिकारी तरुण बाई होत्या. डॉक्टरांनी पट्टी लावली, पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला. अधिकाऱ्यांनी माईंना ते वाक्य म्हणायला सांगितलं.

माईंनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "तिचा कान चांगला आहे, गळा नाही."

रेघ सरळ राहिली.

पुन्हा म्हणायला सांगितलं. सरळ. तंबोरा आणला होता, मी धरून बसले, माईंनी हात पुढे करून खुंटी पिळली. मनात माझ्या आग लागली होती, तळपायापासून, पण ती आग मनातच. गाठ झोपलेली होती. माझा राग खरा होता हो. यंत्राला तो दिसत नव्हता, कारण जुनी गाठ गेली होती आणि तिच्याबरोबर माईही गेल्या होत्या.

नियमाप्रमाणे मग तुलनेसाठी घरच्यांचे आवाज घेतात. सुहास काहीतरी बोलला. सरळ. ऋजुताला सांगितलं, रोजच्यातलं एखादं वाक्य म्हणा. ती माझ्या पाठीमागे बसली होती.

"आई, पाणी देऊ का?"

कानशिलात कळ आली तेव्हा मी पडद्याकडे बघितलं. रेघ अशी उसळली होती की वरची कड सोडून गेली. अधिकाऱ्यांनी तिला पुन्हा म्हणायला सांगितलं. तिने म्हटलं. रेघ पुन्हा उसळली.

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या, नियमाला बांधलेल्या होत्या. त्यांनी मला शांतपणे दोन वाटा सांगितल्या. एक, तक्रार मागे घ्यायची. मग ती खोटी होती असं धरलं जाईल आणि मला इथेच, सगळ्यांसमोर, मृणालिनीताईंची माफी मागावी लागेल. दुसरी, तक्रार चालू ठेवायची. मग यंत्राने दाखवलेलं नाव नोंदवावं लागेल. त्या नावाला आजपासून शिकवण्याची बंदी, आणि निकालापर्यंत गाठीवर उपचार करता येणार नाही.

सुहासने माझा हात धरला. माफी माग आणि चल, असं तो कानात म्हणाला. दोन शब्द तर आहेत.

मी माईंकडे बघितलं. त्यांनी मान किंचित हलवली, मोठ्या मनाने, शिष्येची चूक पोटात घालताना हलवतात तशी. "घे मागे, वैजू," त्या म्हणाल्या. "मी केव्हाच माफ केलंय तुला."

"नाही," मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी विचारलं, नाही म्हणजे काय. तक्रार मागे घ्यायची नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. सुहासने माझा हात सोडला. पाठीमागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ऋजुता पुढे येऊन टेबलापाशी उभी राहिली.

"लिहा माझं नाव," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "कुणाचं तरी लिहायला हवंय ना तिला."

तिने स्वतःच स्पेलिंग सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं, सही केली. तिच्या प्रत्येक शब्दाला माझं कानशील ठणकत होतं. माई उठल्या, दाराशी दोघांनी वाकून त्यांना नमस्कार केला आणि त्या गेल्या. त्यांचा सन्मान ठरल्या दिवशी होणार होता.

मिरजेला परत येताना सुहास गाडी चालवत होता आणि आम्ही दोघी मागे. मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. ऋजुता काही बोलली नाही. विश्रामबाग मागे पडलं, मिरज जवळ आली, तरी एक शब्द नाही. रागावली असेल, मला वाटलं. रागावू दे. मग तिने माझ्या दंडाला हलकेच बोट लावलं आणि मोबाइल पुढे धरला. त्यावर तिने लिहिलं होतं, पाणी देऊ का.